चार वर्षांची मुलगी इन्सुलिन पंपाचा सेट ओढून काढते, काय करावं?

तुम्ही नाशिकहून लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते. मुलगी चार वर्षांची, वजन १४ किलो, टाईप वन डायबेटीस होऊन नऊ महिने झालेत. तीन आठवड्यांपूर्वी पंप लावला. दोनदा तिने सेट (पंपातलं इन्सुलिन कातडीखाली नेणारी नळी आणि तिची टेप) ओढून काढला, एकदा झोपेत निघाला आणि सकाळी शुगर ३८० आली. सेट बदलायचा म्हटलं की घर डोक्यावर घेते, चौघांना धरावं लागतं. आजी म्हणतात, लेकराला मशीन कशाला बांधलं, इंजेक्शनं बरी होती. जूनमध्ये शाळा आहे. आणि तुम्ही विचारता की तिला पंपाची सवय कशी लावायची.

या वयाची मुलं पंपाच्या डबीवर फारशी रागावलेली नसतात. डबी कमरेला असली काय, पाठीला असली काय, दोन दिवसांत विसरतात. त्यांचा राग तीन गोष्टींवर असतो: सेट बसवतानाची सुई, जुनी टेप निघतानाची ओढ, आणि दिवसभर कुठे ना कुठे अडकून हिसका देणारी नळी. त्यात भर म्हणजे आपल्याला धरून ठेवतात ही भीती. दर तिसऱ्या दिवशी चौघांनी धरण्याची सवय कोणालाच होत नाही, उलट भीती वाढत जाते. म्हणून पंपाची समजूत घालण्याआधी या तीन गोष्टी एकेक करून सोडवायच्या. क्रमही उलटा ठेवा, आधी नळी, मग टेप, मग सुई. नळी आणि टेप तुम्ही तिच्याशी न भांडता आजच दुरुस्त करू शकता.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. कॅन्युला, म्हणजे कातडीखाली राहणारी बारीक नळी, किती लांबीचा आहे, सेट सरळ बसणारा आहे की तिरका, ती किती किडकिडीत आहे, घरात कोण कोण आहे, यावर बरंच अवलंबून आहे. बेसल (पंप दिवसभर थोडं थोडं सोडतो ते इन्सुलिन), कार्बचं गणित (खाण्यातल्या पिष्ट-साखरेप्रमाणे इन्सुलिन) आणि करेक्शन (चढलेली शुगर उतरवायचा डोस) तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलंच चालवा. त्यात मी हात घालत नाही.

नळी आणि डबी

पंप तिच्या चड्डीच्या इलॅस्टिकला अडकवला असेल तर आजच काढा. संडासला बसताना चड्डी खाली जाते, पंप खाली लोंबतो आणि त्याचं सगळं वजन कॅन्युलावर येतं. खाली बसायच्या संडासात तर हे रोज दोन-तीनदा होतं. पालकांना वाटतं मुलीने ओढला, आणि पुष्कळदा तो असा निघालेला असतो. पंप कमरेच्या वर असला पाहिजे.

या वयाला सगळ्यात चांगली जागा म्हणजे पाठ, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. तिथे तिचा हात पोचत नाही, बटणं दाबली जात नाहीत, पोटावर लोळली तरी टोचत नाही. बाजारात तयार पट्टे मिळतात, पण आपल्या गल्लीतला शिंपी हे काम जास्त चांगलं करतो. सुती बनियनच्या पाठीवर पंपाच्या मापाचा खिसा, वर वेलक्रोची पट्टी, आणि खिशाच्या तळाशी आतल्या अंगाला एक काज. नळी काजातून आत घ्यायची आणि बनियनच्या आतूनच सेटपर्यंत न्यायची. बाहेर नळीचा एक इंचही दिसता कामा नये. जे दिसत नाही ते ती ओढणार नाही, आणि खेळताना दाराच्या कडीत, खुर्चीच्या हाताला अडकणारही नाही. असे चार-पाच बनियन एकदम शिवून घ्या, कारण एक रोज धुवायला जाणार.

नळीची लांबीही बघा. बऱ्याच कंपन्यांच्या नळ्या ४५, ६०, ८० आणि ११० सेंटिमीटरमध्ये येतात. तुमच्याकडे ८० ची असेल तर तिच्या उंचीला ती फार झाली. पाठीवर पंप आणि कुल्ल्यावर सेट असेल तर ४५ किंवा ६० पुरते. पुढची ऑर्डर देताना लांबी बदलून घ्या.

आता सेफ्टी लूप, माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट. सेटपासून चार-पाच सेंटिमीटरवर नळीचा एक छोटा वेढा करा, एक रुपयाच्या नाण्याएवढा, आणि तो कागदी मेडिकल टेपने कातडीवर डकवा. आता हिसका बसला तर तो आधी या वेढ्याला बसतो. वेढा सुटतो, टेप थोडी ओढली जाते, पण कॅन्युला जागचा हलत नाही. वेढा करताना नळीला घडी पडू देऊ नका, गोलाई राहिली पाहिजे. हे दर वेळी करायचं, घाई असली तरी.

पंपाची बटणं लॉक करून ठेवा, बहुतेक पंपांत ती सोय असते. एका वेळी जास्तीत जास्त किती बोलस (खाण्यासाठी किंवा शुगर उतरवायला एकदम दिलेला डोस) जाऊ शकतो ही मर्यादाही असते. ती डॉक्टरांकडून तिच्या वजनाला साजेशी, कमी करून घ्या. भाऊ-बहीण, शेजारची मुलं, पाहुणे, सगळ्यांना बटण दाबायचा मोह होतो.

जागा आणि टेप

पोटावर लावत असाल तर तूर्त सोडा. चार वर्षांच्या सडपातळ मुलीच्या पोटावर चरबी कमी असते, आणि पोट तिच्या नजरेसमोर असतं. कुल्ल्याचा वरचा आणि बाहेरचा भाग बरा. तिथे मांस-चरबी बऱ्यापैकी असते, ती बसते त्या भागाच्या वर येतं, आणि तिला दिसत नाही. रात्री डायपर असेल तर त्याच्या कडेच्या वर लावा. दर वेळी बाजू बदला, आणि आधीच्या खुणेपासून निदान दोन बोटं अंतर ठेवा. एकाच जागी वारंवार लावलं की कातडीखाली मऊ गाठ होते. तिथे दुखत नाही, म्हणून मुलं स्वतःच ती जागा मागतात. पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि शुगर कधी वर कधी खाली जाते. आठवड्यातून एकदा बोटांनी चाचपून बघत जा.

कॅन्युला ९ मिलिमीटरचा सरळ असेल तर डॉक्टरांशी बोला. किडकिडीत मुलांत तो स्नायूपर्यंत पोचतो, दुखतो आणि मुडपतो. ६ मिलिमीटरचा, किंवा तिरका बसणारा सेट जास्त बरा चालतो. वारंवार मुडपत असेल तर बारीक स्टीलच्या सुईचा सेटही मिळतो. तो मुडपतच नाही, पण दर दोन दिवसांनी बदलावा लागतो.

टेप निघण्याचं आपल्याकडचं मोठं कारण तेल. लहान मुलांना अंगाला तेल लावून आंघोळ घालायची आपली पद्धत, वर पावडर. ज्या दिवशी सेट बदलायचा त्या दिवशी त्या भागाला तेल, पावडर, क्रीम काही नको. साध्या साबणाने धुवा, टॉवेलने टिपा, स्पिरिटचा बोळा फिरवा आणि फुंकर न मारता अर्धा मिनिट वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टेप धरत नाही आणि झोंबतं ते वेगळंच. सेट बसल्यावर टेपवर तळहात मिनिटभर दाबून धरा, हाताच्या उबेने डिंक चांगला पकडतो. वरून पारदर्शक ड्रेसिंगचा तुकडा मधे भोक पाडून लावला की कडा उचलल्या जात नाहीत. मेमधल्या घामात हे लागतंच. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला सेट आंघोळीनंतर बदला, आधी नाही.

तेच तेल टेप काढताना मात्र उपयोगी पडतं. खोबरेल तेलात कापूस बुडवून टेपच्या कडेने फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. मग एका हाताने कातडी दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने टेप कातडीला लगटून मागे दुमडत काढा. वर उचलून खेचू नका, 'एकदम काढलं की दुखत नाही' हे लहान मुलांच्या कातडीला लागू नाही. निघाल्यावर साबणाने तेल धुवून टाका.

सेट बदलण्याचा तास

जुना सेट काढणं आणि नवा बसवणं एकाच बैठकीत करू नका. दोन्ही दुखणी एका मागोमाग आली की मुलाच्या मनात त्याचं एकच मोठं भय होतं. आधी नवा बसवा. तो नीट चालतोय याची खात्री झाली की जुना त्याच दिवशी आंघोळीच्या वेळी तेल लावून, पाण्यात खेळता खेळता काढा. त्यात एक फायदाही आहे. नवा सेट बसवताना फसला तर जुना काही वेळ हाताशी असतो. पण जुना दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

वेळ सकाळची, नाश्त्याच्या आधीची. सेटनंतर लगेच बोलस जातो, कॅन्युलातून इन्सुलिन जोराने वाहतं, आणि काही बिघडलं असेल तर ते दिवसाउजेडी कळतं. शाळा सुरू झाल्यावर दुपारी घरी आल्यावर, जेवणाआधी. संध्याकाळी पाचनंतर किंवा झोपवण्याआधी सेट बदलायचा नाही, तो निघाला असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. दोन तासांनी शुगर बघायची, दर वेळी, चुकवायची नाही.

आता क्रम सांगते. एक तास आधी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात सुन्न करणारी क्रीम, म्हणजे लिडोकेन आणि प्रिलोकेन असलेली, ठरलेल्या जागी लावा आणि वरून पारदर्शक ड्रेसिंग ठेवा. पंधरा मिनिटांत पुसली तर काही उपयोग नाही, तासभर लागतो. जागा पांढुरकी पडते, त्यात घाबरण्यासारखं नाही. तुटलेल्या किंवा लाल झालेल्या कातडीवर लावू नका. क्रीम लावली त्याच वेळी इन्सुलिनची बाटली फ्रीजबाहेर काढा. थंड इन्सुलिन भरलं की ते गरम होताना नळीत बुडबुडे सुटतात. इंचभर बुडबुडा म्हणजे साधारण अर्धा युनिट हवा. मोठ्या माणसाला त्याचं काही नाही, पण तुमच्या मुलीचा बेसल तासाला ०.१ ते ०.१५ युनिटच्या आसपास असेल, तर तिचं तीन ते पाच तासांचं इन्सुलिन गेलं.

रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची नळकांडी) भरणं, नळी प्राइम करणं (इन्सुलिन सोडून तिच्यातली हवा काढणं), सगळं स्वयंपाकघरात किंवा दुसऱ्या खोलीत उरका. तिच्यासमोर सुई, बाटली, पाकिटं मांडून बसू नका. वाट पाहण्यात भीती वाढते. क्रीम पुसल्यापासून सेट बसेपर्यंत दोन मिनिटांच्या वर जायला नको. क्रीम मात्र साबणाने नीट धुवा, नाहीतर टेप सुटेल.

तिला आडवं पाडून धरणं बंद. एकाने खुर्चीवर बसायचं, तिला समोरासमोर मांडीवर घ्यायचं, छातीला छाती, तिचे पाय कमरेभोवती, डोकं खांद्यावर. ही धरायची नाही, कुशीत घ्यायची पद्धत आहे, आणि कुल्ल्याचा वरचा भाग आपोआप मोकळा राहतो. दुसऱ्याने मागून सेट बसवायचा. तिसऱ्या माणसाची गरज नाही. तिच्या हातात साबणाच्या फुग्यांची बाटली द्या. फुगा करायला लांब फुंकर लागते, लांब फुंकरेने अंग सैल पडतं आणि सुई कमी लागते. रडत असेल तरी फुंकर मारायला लावा, रडणं थांबायची वाट बघू नका.

बोलताना दोन गोष्टी पाळा. 'लावायचा का?' असं विचारू नका, कारण ती नाही म्हणेल आणि तुम्हाला ते ऐकता येणार नाही. 'आज डावीकडे की उजवीकडे?', 'आईच्या मांडीवर की आजीच्या?' असं विचारा. दुसरं म्हणजे 'काही दुखणार नाही' म्हणू नका. क्रीम लावूनही दाब जाणवतो, आणि एकदा खोटं ठरलात की पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही. 'टुचकन होईल, मी तीन मोजेन, मग संपलं.' आणि तीनलाच करायचं. दोनला फसवून केलं तर ती पुढच्या वेळी एकलाच आक्रसून जाईल.

सेट बसवायच्या स्प्रिंगच्या इन्सर्टरचा 'खट्' आवाज पुष्कळ मुलांना सुईपेक्षा जास्त दचकवतो. मुदत संपलेल्या सेटची सुई काढून टाका, रिकामा इन्सर्टर हवेत दोन-चार वेळा तिच्याकडूनच वाजवून घ्या. तिच्या बाहुलीला सेट लावा, टेप लावा, खिसा शिवा. बाहुलीची शुगर ती बघेल, बाहुलीला रागवेल, समजावेल. ती बाहुलीशी काय बोलते ते शांतपणे ऐका. तिला नेमकं कशाचं भय आहे ते तिथे बाहेर येतं, आणि ते तुम्ही धरून चाललात त्यापेक्षा वेगळं असू शकतं.

सेट बसला की सुई काढून कॅन्युला भरायला विसरू नका. बऱ्याच सेटना ६ मिलिमीटरला ०.३ आणि ९ मिलिमीटरला ०.५ युनिट लागतं, तुमच्या पाकिटावर काय आहे ते बघा. हे राहिलं तर पहिले दोन-तीन तास तिला काहीच इन्सुलिन मिळत नाही आणि वाटतं सेट खराब निघाला.

बक्षीस म्हणून चॉकलेट नको. साखरेशी तिचं नातं आधीच गुंतागुंतीचं आहे. स्टिकर, आवडती गोष्ट, बाबांच्या गाडीवरून एक चक्कर, काहीही चालेल. ते रडली नाही म्हणून द्यायचं नाही, झालं म्हणून द्यायचं. रडायची तिला मुभा आहे.

सकाळची ३८०: पंप का वाजला नाही

हे नीट समजून घ्या, कारण जिवाची गोष्ट इथे आहे. पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं. लांब चालणारं तिच्या अंगात नाही. सेट निघाला की काही तासांतच इन्सुलिन संपतं आणि कीटोन (साखरेऐवजी चरबी जळताना रक्तात साठणारी आम्लं) तयार व्हायला लागतात. नळी तुंबली की पंप वाजतो, पण आत दाब साचल्यावर. मोठ्या माणसाचा बेसल जास्त असतो, दाब लवकर साचतो. तुमच्या मुलीच्या ०.१ युनिटला तोच दाब साचायला कित्येक तास, कधी रात्र जाते. आणि सेट कातडीतून निघून गादीवर पडला असेल तर अडथळाच नाही. पंप निवांत इन्सुलिन गादीत सोडत राहतो, वाजतच नाही. लहान मुलांत पंपाच्या अलार्मवर विसंबू नका, शुगरवर विसंबा.

झोपवताना सेटवर बोट फिरवा आणि वास घ्या. टेप ओलसर लागली किंवा दवाखान्यासारखा, डेटॉलच्या जवळचा वास आला तर इन्सुलिन गळतंय. सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल तर शुगर चढल्याचा त्याचा अलार्म रात्री चालू ठेवा. नसेल तर सध्या रात्री दोन-अडीचला एकदा बोटातून शुगर बघा.

शुगर २५० च्या वर गेली तर पंपाने एकदा करेक्शन द्या आणि कीटोन तपासा. तास-दीड तासात उतरत नसेल, किंवा कीटोन आले असतील, तर पंपावर भरवसा ठेवू नका. पुढचं करेक्शन पेनने किंवा सिरिंजने द्या, सेट, नळी, रिझर्व्हॉयर सगळं नवं लावा, पाणी पाजत राहा. रक्तातले कीटोन ०.६ च्या खाली ठीक, १.५ च्या वर डॉक्टरांना लगेच फोन, ३ च्या वर थेट हॉस्पिटल. उलट्या, धापा टाकल्यासारखा खोल श्वास किंवा गुंगी असेल तर आकडा कितीही असो, निघायचं. पंपाचे डॉक्टर मुंबई-पुण्याला असले तरी तिथवर जायचं नाही. कसारा घाटात अडकण्यापेक्षा नाशिकमध्ये जवळचं बालरुग्णालय गाठायचं आणि तिथून फोन करायचा. ते रुग्णालय कोणतं हे आजच ठरवून ठेवा.

सिरिंज वापरताना एक धोका आपल्याकडे फार आहे. पंपातलं जलद इन्सुलिन १०० युनिट प्रति मिलिलिटरचं असतं. आपल्या मेडिकलमध्ये साध्या इन्सुलिनच्या ४० युनिटच्या बाटल्या आणि लाल टोपीच्या ४० च्या सिरिंज सर्रास मिळतात. शंभरचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने भरलं तर अडीच पट डोस जातो, चार वर्षांच्या मुलीला तो फार भारी पडेल. घरात फक्त केशरी टोपीच्या, शंभरच्या सिरिंज ठेवा. अर्ध्या युनिटच्या खुणांच्या मिळाल्या तर उत्तम, किंवा अर्धा युनिट देणारं पेन. आणि ४० ची बाटली पंपात कधीही भरायची नाही.

उलट बाजूला, शुगर ७० च्या खाली गेली तर तिच्या वजनाला साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर पुरते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, थोड्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत बघायचं. मोठ्यांचं १५ ग्रॅमचं माप तिला लावू नका, शुगर उगाच ३०० ला जाते. ती गिळू शकत नसेल, बेशुद्ध होत असेल किंवा झटका आला तर तोंडात काही घालू नका. पंप काढा, कुशीवर वळवा, हॉस्पिटल. आणि शुगर उतरल्यावर द्यायला द्राक्षं नकोत, घरात कितीही असली तरी. वेळ लागतो, आणि घाबरलेल्या लहान मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं.

ऊन, थंडी, रंग

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला जातो. इन्सुलिन ३० अंशांच्या वर फार वेळ टिकत नाही. उन्हाळ्यात रिझर्व्हॉयरमध्ये दोन दिवसांपुरतंच भरा आणि सेटबरोबर तेही बदला. सगळं बरोबर असून शुगर चढत असेल तर इन्सुलिन शिजलंय असं समजून नवी बाटली काढा. जादाची बाटली स्कूटरच्या डिकीत, बंद गाडीत कधीच नाही. प्रवासात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा छोटा गडू किंवा थंड ठेवणारी पिशवी चालते. बर्फाला बाटली थेट टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. थंडीत फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली बाटलीही गोठू शकते, दाराच्या कप्प्यात ठेवा.

आंघोळ, पोहणं, रंगपंचमी यासाठी पंप काढता येतो, पण एक तासाच्या आत परत लागला पाहिजे. आपल्याकडच्या रहाडींच्या (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या जुन्या हौदांच्या) गर्दीत चार वर्षांच्या मुलीला तसंही कोणी उतरवत नाही, पण अंगणातल्या रंगाच्या पाण्यात ती असणारच. काढण्याआधी शुगर बघा, सेटला झाकणी लावा, पंप सावलीत स्टीलच्या डब्यात ठेवा आणि घड्याळ लावा. खेळात तास कधी उलटतो कळत नाही. घरात एका माणसाला फक्त त्या घड्याळाचं काम द्या.

आजी आणि शाळा

आजींचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांना नात रडताना बघवत नाही, एवढंच त्या सांगताहेत. कुशीत घेऊन बसायचं काम त्यांना द्या. सुई मागून बसते, त्यांना दिसतही नाही, आणि नातीला सगळ्यात सुरक्षित वाटणारी मांडी बहुधा त्यांचीच आहे. त्यांना हेही सांगा की इंजेक्शनं दिवसाला चार-पाच होती, सेटची सुई तीन दिवसांतून एकदा आहे. ती जेवणात अर्धा भात ठेवून उठली तर इंजेक्शन परत घेता येत नव्हतं. पंपात जेवढं ती नक्की खाते तेवढ्याचा बोलस दहा-पंधरा मिनिटं आधी द्या आणि उरलेल्याचा खाल्ल्यावर. 'बोलस दिलाय, आता खायलाच पाहिजे' हे वाक्य घरातून गेलं की तिचा पंपावरचा निम्मा राग तिथेच उतरतो, असं मला वारंवार दिसतं.

शाळेला जून उजाडायची वाट बघू नका, मेमध्येच बाईंना भेटा. त्यांच्याकडून तीनच गोष्टी मागा. एक, ती गळून बसली, घामेजली, उगाच चिडली तर साखर द्यायची आणि फोन करायचा, एकटीला कुठे पाठवायचं नाही. दोन, सेट निघाला तर परत लावायचा प्रयत्न करायचा नाही, फोन करायचा, आणि तुम्ही तासाभरात पोचायचं. तीन, पंपाची बटणं कोणी दाबायची नाहीत. बोलस लागेल असा डबा सुरुवातीला देऊच नका, वेळ अशी जुळवा की खाणं तुमच्यासमोर होईल. पहिला आठवडा शाळेच्या आवारात बसायची परवानगी मागा, बहुतेक मुख्याध्यापिका देतात.

या सगळ्याला मी साधारण सहा ते आठ वेळा सेट बदलेपर्यंतचा, म्हणजे तीन आठवड्यांचा अवधी देते. आधी रडण्याचा वेळ कमी होतो, मग ती स्वतः बाजू सांगायला लागते. काही मुलांना जास्त लागतो.

आणि तरीही नाहीच जमलं तर काही आठवडे परत इंजेक्शनवर जाणं यात हार नाही. ते स्वतःच्या मनाने मात्र करू नका. पंप उतरला की लांब चालणारं इन्सुलिन त्याच दिवशी, वेळेवर गेलंच पाहिजे, आणि पंप परत लावताना शेवटचा डोस कधी दिला होता ते बघून बेसल सुरू करावा लागतो. पंप अचानक बंद पडला तरी हाच डोस लागणार आहे. म्हणून डॉक्टरांकडून आत्ताच एका कागदावर लिहून घ्या: लांब चालणाऱ्या इन्सुलिनचं नाव आणि युनिट, जेवणाचे युनिट, करेक्शन, पंपातले सध्याचे बेसलचे आकडे, आणि खाली तारीख. फ्रीजच्या दारावर लावा. दर भेटीत वजन झालं की कागद बदला, कारण सहा महिन्यांपूर्वीचा डोस तिला पुरणार नाही.